आधी दिवा, मग छत

माझं काम नेमकं काय, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच धड सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. मी स्वतः दर वेळी वेगळं सांगते. लहान मुलं प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून घरं, गाड्या करतात ना, तसल्याच ठोकळ्यांची मॉडेल्स मोठी माणसंही करतात. फरक इतकाच की हल्ली ती आधी कॉम्प्युटरवर होतात. पडद्यावर ठोकळ्यावर ठोकळा चढवत कुणी आगगाडी करतं, कुणी दीपगृह, कुणी आपल्या गावची बंद पडलेली बेकरी. हे हौशी लोक कुठल्या कुठल्या देशांत बसलेले असतात. मॉडेल तयार झालं की त्याची फाइल माझ्याकडे येते. मी ते पडद्यावर पार सुटं करते आणि मग पहिल्या ठोकळ्यापासून, एकेक पायरी करत, ते पुन्हा कसं जोडायचं याची चित्रं तयार करते. या पायरीला हे ठोकळे घ्या, इथं बसवा. आता मॉडेल फिरवा, मागून हे दोन लावा. शब्द एकही नाही. नुसती चित्रं आणि बाण. ती बघून कुणालाही, कुठंही, खरे ठोकळे हातात घेऊन ते मॉडेल उभं करता आलं पाहिजे.

"म्हणजे रेसिपी लिहितेस तू," समोरच्या फ्लॅटमधल्या काकू एकदा म्हणाल्या. गॅसवर माझी भाजी लागत होती, वाद घालायला वेळ नव्हता. मी हो म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये माझी ओळख ठोकळ्यांच्या रेसिपीवाली अशी आहे.

त्याआधी बरीच वर्षं मी वाळूजला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी ड्राफ्ट्समनच म्हणायचे. लाइनवरच्या कामगारांनी यंत्राचे भाग कुठल्या क्रमानं जोडायचे, त्याची ड्रॉइंग करणं हे माझं काम. तिथं मी एक गोष्ट शिकले आणि ती आजवर सोडलेली नाही. जोडणाऱ्या माणसाचा हात मध्येच थांबला, की कागद चुकलेला असतो. माणूस चुकलेला नसतो. साहेब लोक कामगारावर ओरडायचे, "चित्र दिसत नाही का?" आणि मी साहेबांवर ओरडायचे, की दिसत नाही म्हणूनच थांबलाय ना तो. माझं तोंड मुळातच तिखट. पुढं कंपनीनं ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायचं ठरवलं, तेव्हा मला निरोप देताना साहेबांना फार जड गेलं असेल असं वाटत नाही.

बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. कन्नडजवळच्या आमच्या गावात तिनं सगळा जन्म काढला होता. बाबा साखर कारखान्यात नोकरीला, थोडी शेती, आणि आई दोन्हीकडं पुरून उरायची. ती सिडकोतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात घरातलं सगळं काम संपवून बसली. माळ्यावरची भांडी घासून झाली, डाळी निवडून झाल्या, माझ्या नवऱ्याच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून झाली. मग दुपारी ती खिडकीशी बसून रस्त्याकडं बघत राहायची. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. ते बघणं मला सोसायचं नाही.

एखादी जागा पडद्यावर कळेना झाली तर करून बघावी म्हणून मी थोडे खरे ठोकळे घरात ठेवले होते, परातीत. एका दुपारी आईनं ती परात मांडीवर घेतली आणि ज्वारीतले खडे निवडावेत तसे रंगांप्रमाणे ठोकळे निवडून ठेवले. निवडता निवडता त्यांना नावंही देऊन टाकली. गोल इवलासा ठोकळा म्हणजे फुटाणा. पातळ पसरट म्हणजे पापडी. छपराला लागतो तो उतरता ठोकळा म्हणजे वळचण. या धंद्यातली इंग्रजी नावं मी मोठ्या मेहनतीनं पाठ केली होती. महिन्याभरात ती विसरले आणि मीही फुटाणे-पापड्या म्हणायला लागले.

"हे तुझं कागद बघून जोडायचं असतंय व्हय?" तिनं विचारलं. "दे बरं एक."

त्या दिवसापासून आई माझी तपासनीस झाली. मी चित्रं तयार करायची, ठोकळे मोजून परातीत द्यायचे, आणि तिनं चित्रं बघून जोडायचं. तिला इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटर येत नाही, त्यामुळं अंदाजानं पुढं जायची सोयच नाही. चित्रात नसेल ते ती करत नाही, असा माझा समज होता. या समजाबद्दल पुढं सांगते.

तिची एक अट होती. मी समोर बसायचं नाही. "तू बघायलीस की माझी बोटं अडखळतात. परीक्षेला बसल्यागत वाटतंय. जा तिकडं." मग मी स्वयंपाकघरात जायची आणि ऐकत बसायची. ठोकळा नीट बसला की बारीकसा आवाज होतो. टक्. टक्. टक्. तो आवाज एका लयीत येत असला की माझ्या पायऱ्या बरोबर. लय तुटली की मी पोळी तव्यावर टाकून बाहेर धावायची.

"कुठं थांबलीस?"

"मी कुठं थांबले? तुझा कागद थांबला." माझा नियम तिनं पहिल्याच आठवड्यात उचलला होता आणि माझ्यावरच चालवत होती.

तिचा शेरा नुसता पायऱ्यांवर नसायचा. एका भल्या माणसाचं दीपगृह आलं होतं. फार देखणं, आतून गोल जिना. आईनं ते सगळं जोडलं, भिंत बंद केली, आणि मला हाक मारली. "जिना आत गेला. आता दिसना कुणाला. कशाला घातला मग?" मी म्हटलं, खऱ्या दीपगृहात असतो म्हणून. "मग वर दिवा लावायला माणूस चढणार कुठनं? दार कुठंय?" दार खरंच नव्हतं. मी त्या माणसाला कळवलं. आईच्या टीकेचं इंग्रजी करताना मला बरीच साखर पेरावी लागते. त्याचं उत्तर आलं की तुमच्या आईंचे मनापासून आभार, दार राहूनच गेलं होतं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "आभार असू दे. माणूस जिन्यात अडकला होता ना आत."

तर अशी आई. दुपारी तिच्या टकटकीत माझा स्वयंपाक व्हायचा आणि मला वाटायचं, आता सगळं ठीक आहे. पण एक गोष्ट ठीक नव्हती.

संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदी-कुंकू असतं. बिल्डिंगमधल्या, मागच्या गल्लीतल्या बायका येतात. आई आली त्या वर्षी हळदी-कुंकवाच्या दिवशी ती सकाळपासून राबली, तिळाच्या वड्या तिच्याच हातच्या. आणि बायका यायची वेळ झाली तशी ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी दोनदा आत जाऊन बोलावलं. "मी आत हाये की. तुला लागंल ते आतनं देते," म्हणाली. संध्याकाळभर दाराच्या फटीतून वड्यांच्या बशा बाहेर येत राहिल्या. बशी दिसायची आणि ती धरलेला आईचा हात दिसायचा. बायका निघून गेल्यावर मी नवऱ्यावर विनाकारण चिडले आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या घरात माझी आई दाराआड बसते, याचा मला राग होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी आधीपासूनच सुरुवात केली.

"या खेपेला तू बाहेर बसायचं."

"बघू."

"बघू नाही. बसायचं. कोण काय म्हणतंय बघतेच मी."

"कोण काय म्हणत नाय गं," आई म्हणाली. ती लसूण सोलत होती. "म्हटलं असतं तर सोपं होतं. मी बी दोन शब्द बोलले असते. तसं नसतंय. कन्नडला लग्नाला गेले होते बघ, बाबा गेल्यावर, तवा रांगेत बसले होते. पोरगी करंडा घेऊन आली. एकीला लावलं, दुसरीला लावलं, अन् माझ्यापाशी आली की हात थांबला. चांगली पोरगी होती, तिला लाज वाटली. लावावं का नाय, तिला समजंना. मला त्या हाताची लई कीव आली. आता कुणाच्या हाताला तसं थांबाय लावायचं नाय, असं मी ठरवलंय."

मी खालच्या मजल्यावरच्या आपांचं उदाहरण दिलं. त्या दरवर्षी येतात. त्यांना आपण कुंकू लावत नाही, तिळगूळ देतो, वाण देतो, त्या तासभर बसतात, हसतात, आणि ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवतात. "तशी तू बस. कुंकवाचा प्रश्नच नको."

"त्यांचं येगळं हाये बाई. त्यांनी जलमभर लावून मग सोडलेलं नाय."

मी तिच्या पुढ्यातली लसणाची सालं गोळा करून टाकली.

मग मी डाव टाकला. वाण म्हणून मी दरवर्षी बाकीच्यांसारखंच काहीतरी देते, प्लॅस्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या. सगळ्यांच्या घरी सगळ्यांचे डबे आहेत. या वर्षी मी ठरवलं, वाण माझ्या धंद्यातलं द्यायचं. तळहातावर मावेल असं ठोकळ्यांचं तुळशी वृंदावन. सुटे ठोकळे पुडीत, सोबत पायऱ्यांचा एक कागद, आणि बायकांनी हॉलमध्येच बसून ते जोडायचं. आई हे मॉडेल तपासणार, तिला ते तोंडपाठ होणार, आणि पंधरा-वीस बायका हॉलमध्ये ते जोडत बसल्या की तिला बघायला बाहेर यावंसं वाटणारच. असा माझा हिशोब.

दुसऱ्यांच्या मॉडेलच्या पायऱ्या करून केस पांढरे झाले, पण स्वतःचं मॉडेल मी पहिल्यांदाच करत होते. आमच्या गावच्या अंगणातलं वृंदावन डोळ्यांसमोर ठेवलं. विटकरी रंगाचा चौथरा, मध्ये कोनाडा, कोनाड्यात पणती, वर हिरवी तुळस. पणती म्हणजे एक तपकिरी फुटाणा आणि त्यावर पिवळ्या ज्योतीचा तुकडा. पायऱ्या लावताना मी जरा भावनेच्या भरात गेले. आधी चौथरा, मग कोनाड्याच्या भिंती, कोनाड्यावर छताची पापडी, त्यावर तुळस, आणि सगळ्यात शेवटची पायरी म्हणून कोनाड्यात दिवा. सगळं उभं राहिल्यावर सगळ्या बायकांनी दिवा ठेवायचा. मला ती कल्पना इतकी आवडली की मी नवऱ्यालाही दाखवली. तो म्हणाला, छान. तो सगळ्यालाच छान म्हणतो.

गुलमंडीकडच्या एका घाऊक दुकानातून ठोकळे आणले. परात आईसमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कान लावला. टक्, टक्, टक्. एकदाही लय तुटली नाही. मी बाहेर आले तर तयार वृंदावन टेबलावर आणि आई त्याच्याकडं बघत बसलेली. कोनाड्यात दिवा होता.

"आपलंच हाये की हे," ती म्हणाली. "डाव्या अंगाला कोपरा फुटला होता तेवढा राहिला."

खात्री म्हणून आणखी दोनदा करून घेतलं. दोन्ही वेळा सुरळीत. दर वेळी तिनं ते मोडून ठोकळे परातीत परत टाकले, पुड्यांत कमी पडायला नकोत म्हणून. शेवटचं मोडताना ज्योतीचा पिवळा तुकडा जरा वेळ बोटांत धरून ठेवला.

"मला कळतंय तू काय करायलीस ते," ती म्हणाली.

"काय?"

"मला बाहेर काढायलीस."

"मग येशील?"

"जोडून बघते म्हटलं होतं. बाहेर येते कधी म्हटलं?" आणि तिनं परात माझ्या हातात दिली.

नवऱ्यानं पुड्या भरल्या. एखाद्या पुडीत कमी पडेल या भीतीनं त्यानं प्रत्येकीत एक फुटाणा जास्त टाकला, त्यामुळं नंतर प्रत्येक बाई मला विचारत होती की हा उरलेला कुठं लावायचा. पण ते पुढचं. मी त्याला मोजून करायला सांगितलेल्या पुड्यांत एक आईची होती. ती मी दाखवली नाही. शोकेसच्या खणात ठेवून दिली.

हळदी-कुंकवाच्या दिवशी बायका काळ्या साड्या नेसून आल्या. हॉलमध्ये सतरंजी, खुर्च्या दोनच. आलेल्या प्रत्येकीला, आपांना सोडून, हळदी-कुंकू लावायचं, सगळ्यांना तिळगूळ द्यायचा, मग वाणाची पुडी आणि कागद. आईनं ठरल्याप्रमाणं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. मी आत जाऊन नुसती बघत राहिले, तर म्हणाली, "जा, बायका खोळंबल्यात."

पुड्या उघडल्यावर आधी नुसता गोंधळ. समोरच्या काकूंनी कागद उलटा धरला. एकीनं ज्योत म्हणजे केळं समजून बाजूला ठेवली. पण पहिल्या दोन पायऱ्या झाल्या आणि हळूहळू बोलणं कमी झालं. सुनांची, सासवांची, गॅस सिलिंडरची गोष्ट अर्ध्यावर सोडून सगळ्या जणी माना खाली घालून बसल्या. टक्, टक्, टक्टक्. सगळ्या हॉलभर तो आवाज. मी करंडा हातात घेऊन भिंतीला टेकले होते आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला. इतकी वर्षं माझी चित्रं कुठल्या तरी देशात जाऊन पडायची. ती बघून एवढ्या माणसांचे हात एकाच वेळी चालताना मी कधी बघितले नव्हते.

आणि मग आवाज कमी कमी होत गेला. आधी काकूंचा थांबला, मग खिडकीजवळच्या दोघींचा. मग कुणाचाच येईना.

"अगं, हा दिवा आत जाईना," काकू म्हणाल्या.

"बोट जात नाही कोनाड्यात," कुणीतरी म्हणालं. "वरून दाबायला जागाच नाही."

आपांनी केसातली पिन काढून तिनं ढकलून बघितलं. "जारा नै अंदर. गिर जारा बार बार."

मी काकूंच्या हातातलं वृंदावन घेतलं आणि मला क्षणात कळलं. फुटाणा खालच्या ठोकळ्यावर बसायचा तर तो वरून दाबावा लागतो. आणि वर तर छत. पडद्यावर काही अडचण येत नाही. तिथं दिवा माउसनं उचलायचा आणि भिंतीतून, छतातून, कुठूनही आत सरकवायचा. पडद्याला बोटं नसतात. पण मग आईनं तीन वेळा कसं काय जोडलं? तिन्ही वेळा दिवा कोनाड्यात होता, मी डोळ्यांनी बघितला होता.

हॉलमध्ये सगळे हात थांबले होते, आणि कागद माझा होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"काय झालं?" आई दारात उभी होती. तिच्या एका हातात सांडशी होती. आतून तिलाही सगळं ऐकू येत होतं, आणि ती जे ऐकत होती ते बायकांचं बोलणं नव्हतं. "टकटक बंद का झाली? कुठं अडलं?"

"आजी, दिवा जात नाही," काकू म्हणाल्या.

"छत घातलं का काय तुम्ही? दिवा ठेवायच्या आधीच?"

"कागदावर तसंच आहे. दिवा शेवटी."

"कागद बघू." ती सरळ हॉलमध्ये आली, सांडशी माझ्या हातात दिली, आणि काकूंशेजारी सतरंजीवर बसली. चष्मा नीट करून तिनं कागद जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडं बघितलं. "हे पहिल्यापासनं असंच होतं?"

"हो."

"अगं माय." तिनं कपाळाला हात लावला. "मी तर तिन्ही डाव दिवा आधीच ठेवला. भिंती झाल्या की दिवा ठेवला अन् मग वर छत घातलं. तिथं मी कागद बघितलाच नाय."

"का पण?"

"का म्हणजे? जागा तयार झाली की दिवा ठेवायचा. छत होईस्तोवर अंधारात ठेवायचं व्हय तुळशीला? हे काय कागदात बघायचं असतंय?"

बायका हसल्या. मी नाही हसले. जोडणारा कागदात नसलेलं काही करत नाही, या भरवशावर मी बसले होते, आणि आई तर तिला ठाऊक होतं ते न विचारता करून मोकळी झाली होती. तिचा हात थांबला नाही, म्हणून मला चूक ऐकू आली नाही. आता सगळ्यांना काय सांगावं या विचारात मी असताना आईच म्हणाली, "हिची चूक नाय. तपासायचं काम माझं होतं. मी पास केलं. आता सगळ्या जणी तुळस काढा, छताची पापडी काढा. नखानं उचला, तोडू नका. हां. आता फुटाणा घ्या. तो दाबा. त्यावर ज्योत."

सगळ्या जणींनी काढलं. आई एकीकडून दुसरीकडं सरकत होती, कुणाची भिंत वाकडी बसली होती ती सरळ करत होती, कुणाची तुळस उलटी होती. काकूंना तिनं चक्क झापलं, कागद उलटा धरल्याबद्दल. आपांना म्हणाली, "पिन ठेवा आता. बोटानं होतंय." आपा म्हणाल्या, "अम्मा, तुम पहले से बाहर बैठते तो पिन टेढी नै होती मेरी." आणि हॉलभर पुन्हा टकटक सुरू झाली.

आपण बाहेर आलो आहोत हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं. बायकांच्याही नाही. माझ्या आलं होतं. मी भिंतीला टेकून, एका हातात करंडा आणि एका हातात सांडशी घेऊन उभी होते. हलले तर तिच्या लक्षात येईल, अशी मला भीती वाटत होती.

सगळ्यांची वृंदावनं झाली. प्रत्येकीनं आपलं तळहातावर घेऊन बघितलं. मोबाइलवर फोटो काढले. आईच्या हातात काही नव्हतं. काकूंना ते दिसलं.

"अगं, आजींना वाण नाही दिलंस?" त्या म्हणाल्या.

काकूंचा स्वभाव असा की मनात येईल ते तोंडात येतं. त्या बोलल्या आणि मग त्यांनाच उमगलं. सगळे मोबाइल खाली आले. आईनं मान वर करून आजूबाजूला बघितलं, आणि आपण कुठं बसलो आहोत ते तिला तेव्हा कळलं. ती उठते की काय असं मला वाटलं. तिनं एक हात जमिनीला टेकवलाही होता.

मी सांडशी टाकली, शोकेसचा खण उघडला, पुडी काढली आणि तिच्यासमोर बसून पुडी पुढं केली. "ही तुझी. पहिल्यापासून ठेवलीय."

तिनं पुडी घेतली नाही. माझ्याकडं, पुडीकडं आणि मग माझ्या दुसऱ्या हातातल्या करंड्याकडं बघितलं.

"सगळ्यांना असंच दिलंस? नुसतं वाण?"

मी मान हलवली. नाही.

"मग? मला सांगतीस पायरी गाळायची नाय म्हणून."

मी करंडा उघडला. हळदीत बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं. वर्षभर मी तिच्याशी भांडले होते, कोण काय म्हणतंय बघतेच म्हणाले होते, आणि आता तिचं कपाळ एवढं समोर होतं. इतक्या वर्षांचं कुंकू जिथं असायचं तिथली जागा अजून थोडी फिकी होती. मला बाबा आठवले. आणि माझा हात थांबला. कन्नडच्या त्या पोरीचा थांबला होता अगदी तसाच, मध्येच, हवेत.

आईनं त्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझे डोळे भरून आले होते, तिचे नव्हते.

"जोडणाऱ्याचा हात थांबला," ती हळूच म्हणाली, "म्हणजे काय चुकलेलं असतंय?"

"कागद," मी म्हटलं.

"मग लाव की," आई म्हणाली, आणि कपाळ पुढं केलं.